वेल आणि तिचे गाव

बंगळूरहून उत्तरेस नंदीदुर्गाच्या रोखाने निघाले, की देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर, चिक्कबळ्ळापूर या टापूत द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. त्यांतल्या पुष्कळ मांडवांवर एक निळसर जांभळे, जाड सालीचे, बियांचे द्राक्ष लोंबत असते. मणी दोन बोटांत धरून दाबला, तर साल हातात राहते आणि आतला गर अखंड सुटून बाहेर येतो. नाशिकच्या किंवा तासगावच्या द्राक्षाचा वास घेण्यासाठी घड नाकाशी न्यावा लागतो. या द्राक्षाचा वास मात्र टोपलीजवळून जाणाऱ्यालाही थांबवतो. बाजारात त्याला ‘बंगलोर ब्लू’ म्हणतात. २०१३ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि या द्राक्षाचे बंगळूरपण सरकारी दप्तरात कायम झाले.

गंमत अशी, की हे द्राक्ष मूळचे बंगळूरचे नव्हे. किंबहुना भारताचेही नव्हे. द्राक्षांचे अभ्यासक त्याला ‘इझाबेला’ या अमेरिकन वाणाचेच दुसरे नाव मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील विल्यम प्रिन्स नावाच्या रोपवाटिकेच्या मालकाने हा वाण प्रसिद्धीस आणला आणि इझाबेला गिब्ज या बाईंच्या नावावरून त्याचे बारसे केले. तेथून ही वेल युरोपात गेली आणि त्याच शतकात दक्षिण भारतातही पोचली. तिच्या उग्र वासाला अमेरिकेतल्या लोकांनी कोल्ह्याच्या वासाची उपमा दिली, तर इटलीतल्या शेतकऱ्यांना त्याच वासात स्ट्रॉबेरी आठवली. ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला कोल्हा आणि द्राक्ष यांचे हे दुसरे नाते ठाऊक नसते.

इटलीच्या ईशान्येस व्हेनेतो आणि फ्रिउली या प्रांतांत या द्राक्षाला ‘ऊवा फ्रागोला’, म्हणजे स्ट्रॉबेरी-द्राक्ष, असे म्हणतात; आणि त्यापासून होणाऱ्या पेयाला ‘फ्रागोलीनो’. शेतकऱ्याने ते घरी करावे, पाहुण्याला द्यावे, यास हरकत नाही. पण मदिरा म्हणून ते विकण्यास १९३० च्या दशकापासून तेथे कायद्याने मनाई आहे. फ्रान्सनेही १९३४ साली इझाबेलासह सहा वाणांवर असाच बहिष्कार घातला. ज्या द्राक्षाला एका देशात सरकार मानांकनाची सनद देते, त्याच द्राक्षाची मदिरा दुसऱ्या देशात बाजाराबाहेर ठेवली जाते! कोणती वेल, कोणत्या मातीत आणि कोणत्या नावाने, याविषयी इटालियन माणूस इतका काटेकोर का झाला, हे समजण्यासाठी त्याच देशाच्या मध्यभागी, टस्कनी प्रांतातल्या क्यांती नावाच्या डोंगराळ मुलखात जावे लागते.

फ्लॉरेन्स आणि सिएना ही टस्कनीतली दोन जुनी नगरराज्ये. त्यांच्यामधला प्रदेश म्हणजे क्यांती. जंगल, दगडगोट्यांच्या टेकड्या, त्यांच्या उतारांवर द्राक्ष आणि ऑलिव्ह, माथ्यावर एखादा किल्ला, असे त्याचे रूप आहे. दोन्ही नगरराज्यांचा या मुलखावर डोळा होता. असे सांगतात, की अखेर भांडणाला कंटाळून दोघांनी एक तोड काढली. ठरल्या दिवशी पहाटे कोंबडा आरवताच दोन्ही शहरांतून एकेक स्वार निघावा आणि जेथे दोघांची गाठ पडेल तेथे सीमा मानावी. सिएनाकरांनी एक पांढरा कोंबडा खाऊपिऊ घालून पोसला. फ्लॉरेन्सकरांनी काळा कोंबडा निवडला आणि त्याला अंधारात उपाशी कोंडून ठेवला. भुकेने कासावीस झालेल्या त्या पक्ष्याने उजाडण्यापूर्वीच बांग दिली. फ्लॉरेन्सचा स्वार इतका पुढे आला, की सिएना केवळ दहाबारा किलोमीटरांवर राहिले असता त्याला समोरून येणारा दुसरा स्वार भेटला. आणि बहुतेक सारे क्यांती फ्लॉरेन्सच्या पदरात पडले. ही दंतकथा आहे, हे सांगावयास नकोच. परंतु राद्दा, गायोले आणि कास्तेल्लीना या तीन गावांचा जो लष्करी संघ फ्लॉरेन्सने उभारला, त्याचे निशाण सोनेरी पार्श्वभूमीवर काळा कोंबडा हेच होते. आणि आजही तेथील मदिरेच्या बाटलीवर तोच कोंबडा ऐटीत उभा असतो.

क्यांतीची मदिरा जुनी असली, तरी तिचा रंग नेहमी लाल नव्हता. १३९८ सालच्या एका कागदात या नावाची जी मदिरा आढळते ती पांढरी आहे. पुढे लाल मदिरेने तिला मागे टाकले आणि परदेशी पेठांत तिला भाव येऊ लागला. भाव आला म्हणजे भेसळ येते, हा व्यापाराचा जुना अनुभव आहे. शेजारपाजारची हलकी मदिरा क्यांतीच्या नावावर खपू लागली. तेव्हा टस्कनीचा महाड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याने १७१६ च्या सप्टेंबरात एक जाहीरनामा काढला. क्यांती, पोमीनो, कार्मिन्यानो आणि वरचे आर्नो खोरे या चार प्रदेशांच्या हद्दी त्यात आखून दिल्या आणि या हद्दींबाहेरच्या मदिरेस ती नावे देऊ नयेत, असा हुकूम केला. मदिरेचे नाव भूमीशी कायद्याने बांधण्याचा जगातला हा अगदी आरंभीचा प्रयत्न समजला जातो. हा तिसरा कोझिमो राज्यकर्ता म्हणून फारसा नावाजला गेला नाही. पण त्याचा हा एक कागद त्याच्या घराण्यापेक्षा दीर्घायुषी ठरला. त्याच्या मुलानंतर मेदिचींची सत्ता संपली, हद्द मात्र राहिली.

हद्द ठरली, तरी मदिरा कशी असावी हे ठरावयाचे होते. ते काम ब्रोलियोच्या किल्ल्यात राहणाऱ्या बेत्तीनो रिकासोली या सरदाराने केले. हा गृहस्थ मोठा करारी. लोक त्याला ‘लोखंडी बॅरन’ म्हणत. कावूरच्या मृत्यूनंतर १८६१ साली तो एकसंध इटलीचा दुसरा पंतप्रधान झाला, १८६६ मध्ये पुन्हा एकदा त्या पदावर आला. पण राजकारणाच्या आधी आणि नंतरही त्याचे मन आपल्या द्राक्षबागेतच होते. तरुणपणी कर्जात बुडालेली जहागीर त्याच्या वाट्याला आली होती. ती सोडविण्यासाठी त्याने एकेका द्राक्षाची मदिरा वेगळी करून पाहिली, फ्रान्समधील पद्धती प्रत्यक्ष जाऊन पाहिल्या, पुन्हा प्रयोग केले. अनेक वर्षांच्या या खटाटोपाचे सार त्याने १८७२ साली पिसा येथील प्राध्यापक स्तुदियाती यांना एका पत्राने कळविले. मदिरेचा गंध आणि जोम सांजोवेझे या द्राक्षातून येतो. कानायोलो तिचा कडवटपणा मवाळ करते. आणि पांढरे माल्वाझिया ताज्या, रोजच्या पिण्याच्या मदिरेत घालावे, साठवून मुरवावयाच्या मदिरेत त्याचे काम नाही, असा त्याचा अभिप्राय होता.

सांजोवेझे हे टस्कनीचे मुख्य काळे द्राक्ष. त्याच्या नावाचा अर्थ ‘जोव्हचे रक्त’, म्हणजे रोमन देवराज ज्यूपिटरचे रक्त, असा लावतात. त्याची मदिरा ‘कोरडी’ असते. पातळ पदार्थाला कोरडे म्हणणे मराठी कानाला विचित्र वाटेल; पण अर्थ सरळ आहे. द्राक्षाचा रस सालींसकट पिंपात ठेवला, की किण्व त्यातली साखर खाऊ लागतो आणि तिचे मद्यार्कात रूपांतर करतो. साखर जवळजवळ सारी संपेपर्यंत ही क्रिया चालू दिली, की जी मदिरा उरते ती कोरडी. मध्येच थांबवून गोडी राखली किंवा वरून गोडी आणली, की ती गोड. साखर गेल्यावर फळाचे काय राहते, हाच कोरड्या मदिरेचा कस आहे. सांजोवेझेत आंबटसर चेरीचा स्वाद, थोडा तुरटपणा आणि लाळ सुटेल असा आंबूसपणा राहतो. जांभूळ आणि आलुबुखार यांची चव ज्याला माहीत आहे, त्याला तिची थोडीबहुत कल्पना येईल. हे फळपण टवटवीत राहावे म्हणून टस्कनीचे शेतकरी काही घड वाळवून ठेवीत आणि आंबवण संपत आली, की ते पिंपात घालून तिला पुन्हा जाग आणीत.

रिकासोलीचे पत्र गेले आणि थोड्याच वर्षांत इटलीच्या द्राक्षबागांवर संकट कोसळले. अमेरिकेतून हौसेने आणलेल्या वेलींच्या मुळांबरोबर फायलोक्सेरा नावाचा एक सूक्ष्म किडा आला होता. अमेरिकन वेलींना त्याची सवय होती. युरोपीय वेली मुळापासून सुकू लागल्या. फ्रान्समध्ये १८६० नंतर ही कीड दिसली, इटलीत १८७९ साली. औषधे थकली, तेव्हा उपाय सापडला तोही अमेरिकेतच. मूळ अमेरिकन वेलीचे ठेवावयाचे आणि त्यावर कलम युरोपीय वेलीचे करावयाचे. तेव्हापासून क्यांतीची अस्सल वेलसुद्धा बहुतेक ठिकाणी परक्या मुळावर उभी आहे. महाराष्ट्रातल्या द्राक्षबागाईतदाराला यात नवल वाटणार नाही. पाण्याची टंचाई आणि जमिनीतला क्षार यांना तोंड देण्यासाठी तोही आपल्या बागेत ‘डॉगरिज’ची खुंटरोपे लावून त्यांवर हव्या त्या वाणाचे डोळे भरतो, आणि ते डॉगरिजही अमेरिकेतलेच.

विसाव्या शतकात क्यांतीचे नाव गोत्यात आले ते किड्यामुळे नव्हे, माणसांमुळे. १९२४ साली राद्दा येथे तेहतीस बागाईतदारांनी काळ्या कोंबड्याच्या चिन्हाखाली आपला संघ काढला. १९३२ साली सरकारने क्यांतीची हद्दच वाढवली. जुन्या गाभ्याला ‘क्लासिको’ म्हटले आणि भोवतालचे आणखी सहा प्रदेश त्याच नावात सामावून घेतले. नाव पसरले आणि त्याचे वजन घटले. दुसऱ्या महायुद्धानंतर टस्कनीतली ‘मेझाद्रिया’, म्हणजे आपल्याकडच्या अर्धेलीसारखी निम्म्या वाट्याची शेती, मोडकळीस आली. १९६४ च्या कायद्याने तिचे नवे करार बंद झाले. कुळे कारखान्यांच्या गावी गेली आणि टेकड्यांवरची घरे ओस पडली. अशा वेळी, १९६७ साली, मदिरेचे नवे नियम झाले. त्यांनी रिकासोलीच्या पत्रातला पांढऱ्या द्राक्षाचा भाग उचलून तो किमान दहा टक्के सक्तीचा केला. मुरवावयाच्या मदिरेत ते नको, हा त्याचा इशारा मात्र वाऱ्यावर सोडला. गवती वेष्टनातल्या गोलमटोल बाटल्यांतून पातळ क्यांती जगभर स्वस्तात जाऊ लागली. फ्लॉरेन्सच्या अंतिनोरी घराण्याने तिन्यानेल्लो नावाची मदिरा काढली आणि १९७० च्या दशकात तिच्यातून पांढरे द्राक्ष साफ काढून टाकले. त्यासाठी क्यांती या नावावर पाणी सोडले. उत्तम मदिरेने प्रदेशाचे नाव टाकावे आणि सामान्य मदिरेने ते मिरवावे, अशी उलटी स्थिती झाली होती. १९८४ साली नियम कडक झाले. पुढे क्लासिकोत किमान ऐंशी टक्के सांजोवेझे हवे असे ठरले आणि २००६ पासून तेथे पांढरे द्राक्ष वर्ज्य झाले. कोझिमोच्या जाहीरनाम्याला तोवर दोनशे नव्वद वर्षे झाली होती.

इटलीची मदिरा दख्खनला मात्र कोझिमोच्याही पुष्कळ आधीपासून ठाऊक होती. पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची जी माहिती लिहून ठेवली, तीत भडोचला उतरणाऱ्या मालात मदिरा आहे, आणि तीत इटलीची विशेष पसंत केली जाते, अशी नोंद आहे. त्याच पानांत पैठण आणि तगर येथून गाड्यांनी भडोचला जाणाऱ्या कापडाचाही उल्लेख येतो. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. डेक्कन कॉलेजच्या वतीने हसमुख सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवासे येथे उत्खनन केले, तेव्हा प्रवरेच्या काठी रोमन मदिराकुंभांची खापरे मिळाली. कापड गेले, मदिरा आली. वेल मात्र त्या गलबतांतून आली नाही. ती येण्यास आणखी एकोणीस शतके लागली.

ती आली तेराच्या शेजारच्याच जिल्ह्यात. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात नीरेच्या काठी अकलूज आहे. ऊस, साखर कारखाना आणि लावणीचा फड यांसाठी ते गाव प्रसिद्ध. महाराष्ट्रात मदिरेचा आधुनिक उद्योग १९८० च्या दशकात नारायणगावी सुरू झाला, पुढे नाशिकने त्यात आघाडी घेतली आणि २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेस उत्तेजन देणारे धोरण आखले. ज्या राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा रद्द झालेला नाही, त्याच राज्याने द्राक्षाच्या मदिरेला शेतमालाचे अपत्य म्हणून जवळ केले, हा आपल्या सार्वजनिक जीवनातला एक मजेचा विरोध आहे. या लाटेत, २००७ च्या सुमारास, अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घराण्यांतल्या भावांनी मिळून एक उद्योग काढला व त्याला ‘फ्रातेल्ली’, म्हणजे इटालियन भाषेत ‘भाऊ’, हेच नाव दिले. मोटेवाडी, निमगाव आणि गारवाड येथे फ्रान्सहून आणलेली रोपे लावली. पिएरो मासी हे टस्कनीतले मदिराकार देखरेखीला आले. लावलेल्या वाणांत सांजोवेझे होते.

क्यांती त्रेचाळिसाव्या अक्षांशाच्या आसपास आहे, अकलूज अठराव्याच्या अलीकडे. तिकडे थंडीत वेलीची पाने झडतात, ती महिनोन्‌महिने निजते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकते. इकडे तिला झोपच नाही. माणदेशाच्या कडेला कसली बर्फाची थंडी? म्हणून दख्खनचा शेतकरी कात्रीने ऋतू घडवितो. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून तो वेलीला नवी काडी तयार करावयास लावतो. पावसाळा ओसरला, की ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून डोळ्यांना पेस्ट लावतो, म्हणजे ते एकसारखे फुटतात. घड पिकतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा क्यांतीच्या टेकड्यांवर नुसती उघडी खोडे असतात. छाटणी फार लवकर झाली तर परतीचा पाऊस फुलोरा झोडपतो, उशिरा झाली तर मार्चचे ऊन साखर झपाट्याने वाढविते आणि आंबटपणा जाळते; आणि सांजोवेझेचा प्राण तर आंबटपणात. दिवसाचे ऊन कडक असले, तरी हिवाळ्यातल्या गार रात्री तो थोडासा राखून ठेवतात. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हा तेथे द्राक्षे वर्षातून दोनदा येतात, असे त्याने लिहून ठेवले. या भूमीत वेल निजत नाही, हे सहाशे वर्षांपूर्वीही परक्या माणसाच्या नजरेत भरले होते.

अकलूजच्या बाटलीवर ‘सांजोवेझे’ हा शब्द असतो, कारण ते वाणाचे नाव आहे आणि वाण कोणीही कोठेही लावावा. ‘क्यांती’ हा शब्द तिच्यावर येऊ शकत नाही. ते गावाचे नाव आहे. ही वेल समुद्र ओलांडते, मूळ बदलते, ऋतू बदलते. पण गाव मागे ठेवून येते. अकलूजची मदिरा अकलूजचीच म्हणून ओळखली जावयाची, तर मोटेवाडीची माती आणि निमगावची माती यांत चवीचा कोणता फरक पडतो, कोणत्या साली छाटणी चुकली, कोणत्या साली साधली, याच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या ठेवाव्या लागतील. क्यांतीला जे जमावयास रिकासोलीची उभी हयात लागली, ते येथे पंधरावीस वर्षांत उरकेल, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ऊस पिकविणाऱ्या तालुक्याला इतका धीर आहे काय, हा खरा प्रश्न. कारण उसाचा हिशेब गळिताच्या हंगामात होतो, वेलीचा तिच्या विशीत.

बंगळूरची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तेथे परक्या वेलीला गावाचे नाव मिळाले आणि आता गावच अपुरे पडू लागले आहे. १९८८ पासून नंदीच्या पायथ्याशी ग्रोव्हर घराण्याने फ्रेंच वाणांच्या बागा उभ्या करून कोरडी लाल मदिरा काढली. २००७ साली कर्नाटक सरकारनेही आपले मदिरा-धोरण जाहीर केले. पण मानांकन आहे ते या नव्या वाणांना नव्हे, जुन्या बंगलोर ब्लूला. हे द्राक्ष रोगांना सहसा दाद देत नाही, तेथल्या सौम्य हवेत वर्षाला दोन पिके देते आणि गरीब शेतकऱ्याला सांभाळून घेते. २००८ साली देवनहळ्ळीला बंगळूरचा नवा विमानतळ सुरू झाला, रस्ते रुंद झाले आणि द्राक्षाच्या एकरापेक्षा मोकळ्या एकराला अधिक मोल आले. टस्कनीत माणसे शहराकडे गेली म्हणून टेकड्या ओस पडल्या होत्या. येथे शहरच चालत मांडवापाशी आले. मानांकनाचा दाखला द्राक्षाच्या नावाचे रक्षण करतो, त्याच्या खालच्या जमिनीचे करीत नाही.

मांडव उरले आहेत तेथे घड अजून वर्षातून दोनदा उतरतात. त्यांतले काही खाण्यासाठी बंगळूरच्या बाजारात जातात, बरेचसे रस आणि जॅम करणाऱ्यांकडे. आणि काही घाट उतरून गोव्याला जातात. तेथे त्यांची गोड, दाट ‘पोर्ट’ मदिरा होते. हे पोर्ट नाव पोर्तुगालमधल्या एका बंदराचे आहे. बाटलीवर ते ठळक छापलेले असते. बंगळूरचा उल्लेख तिच्यावर सहसा नसतो.